सात घरची महताब

१४ नोव्हेंबर १९२६
मुलगी विकली आज! आधीची तिन्ही बाळं बारा दिवसही जगली नाहीत. सासूबाई म्हणाल्या, हिला परक्या पदरात घाला, काळाला पत्ता लागायचा नाही. शेजारच्या शहरबानूभाभीनं पसाभर कण्या देऊन सुपातून उचलली. विकत घेणारीनंच नाव ठेवायचं. ती म्हणाली, "महताब." सासूबाई — "दिवाळीत पेटवतात ती चंद्रज्योत?"
मग भाभीनं बाळ माझ्याच मांडीवर ठेवलं — "माजी हाय, तू सांभाळ."

२७ नोव्हेंबर
बारावा दिवस उलटला. दूध ओढते आहे. देवा, भाभीचं भलं कर.

११ मार्च १९३१
देवीच्या साथीत पाखाडीतली पाच मुलं गेली. महताब वाचली. आज केसर कोळीण आली, कडेवर महिन्याची पोर. "गोदूवैनी, माज्या पोरीला तुमच्या लेकीचा नाव ठेवू? त्या नावात जीव हाय." नाही कसं म्हणायचं? पण बरं वाटलं नाही. वाटत गेलं तर माझीला किती उरणार? हे म्हणतात, "नाव म्हणजे काय प्रसादाचं खोबरं आहे?" यांना हसायला काय जातं!

२ जून १९३४
केसरची धरून आमच्या बोर्लीत आणखी सात महताबा. विहिरीवर हाक मारली की चौघी वळतात. मी त्यांना त्या नावानं हाक मारत नाही. केसरची, नीराबाईची — असंच म्हणते.

२८ ऑगस्ट १९३५
विषमज्वराचा बारावा दिवस. महताब डोळे उघडत नाही. केसर विचारायला आली, तर मी तिच्यावरच खेकसले — "तुम्हीच वाटून घेतलंत तिचं नाव!" ती आल्या पावली परत गेली.

३० ऑगस्ट
भाभी सांगत होती — केसर त्याच दिवशी सातही घरी फिरली. ताप उतरेपर्यंत कुणी आपल्या मुलीला नावानं हाक मारायची नाही. सगळं नाव गोदूवैनीच्या लेकीचं. नीराबाईसुद्धा "ए पोरी" म्हणते आहे.
इतकं बोलले मी त्या बाईला, आणि तिनं हे केलं. लाज वाटते. रडून घेतलं.

६ सप्टेंबर
ताप उतरला! महताबनं वाटीभर पेज मागून घेतली.
तिला भाभीपाशी ठेवून तशीच केसरकडे गेले. तिची पोर ओट्यावर बसली होती. मी हाक मारली, "महताब." तिनं ओ दिली.