मठाने न दिलेलं कुरण

मंगळवार, संध्याकाळ. लेस्टर

कुरण मठाने गावाला दान दिलेलं नव्हतंच. अर्काइव्हमधल्या बाईंनी आज दुपारी फोनवर खात्रीने सांगितलं. मूळ दस्तात लिहिलंय की मठाने ते गावाकडून घेतलं, भोवती चर खणला आणि गावच्या गुरांना बंदी केली. म्हणजे अगदी उलट!

आणि आमच्या इतिहास मंडळाच्या पत्रकात, माझ्याच हातचं, ठळक अक्षरांत: 'मठाचं दान'. त्याच आधारावर कौन्सिलला सांगणार होतो की जमीन गावाची आहे, त्या कुरणावरची अलॉटमेंट, आमचे भाज्यांचे वाफे, मोडून घरं बांधू नका. उभा जन्म बातम्या तपासण्यात गेला, आणि दस्त न बघता जुन्या पुस्तिकेतून उतरवलं. का? मठ म्हटलं की दानधर्म आलाच, असं धरून चाललो.

मंडळाच्या अध्यक्षेला, मार्गारेटला, लगेच फोन केला.

"अरे, दान राहू दे ना," ती म्हणाली. "ते संन्यासी काही तक्रार करायला येणार नाहीत."

"कौन्सिलचा वकील येईल."

"तू फार काटेकोर आहेस, डियर." फोन ठेवलाच तिने.

इकडे सुनीता: "अहो, आपली मेथी पण तिथेच आहे, विसरू नका." जसं काही विसरलोय!

दान! त्या एका शब्दाने डोकं उठलंय.

गुरुवारी सात वाजता कौन्सिलची सभा. आधी चूक कबूल करणार, मग वाफे वाचवा म्हणणार. मार्गारेट बहुधा पहिल्याच वाक्याला उठून जाईल. पुढचं भांडण मला एकट्यालाच करावं लागेल.