वर नेलेला आणि खाली सोडलेला झगा

ती. ताई हिस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (गुडघा धरल्यामुळे आठांपैकी सहाच अंगं जमिनीला लागली आहेत, बाकीची दोन समजून घे). तुझी पाठ कशी आहे? भावोजींचा खोकला थांबला का, की अजून तुझं बोलणं सुरू झालं की त्यांना उबळ येते? इकडे मी खुशाल आहे. म्हणजे मंगळवारपर्यंत होतो, मंगळवारी नव्हतो आणि आता पुन्हा आहे. मधलं सविस्तर सांगतो. चहा घेऊन बस.

तू तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलंस आणि मी इकडे परदेशी निघताना मला एकच मंत्र दिलास, की घाबरू नकोस, एकेका शब्दाचा अर्थ लाव, वाक्य आपोआप उलगडतं. ताई, तुझ्याबद्दल आदर आहे म्हणून जपून लिहितो. उलगडत नाही. ते अंगावर येतं.

आमचं दुकान तुला ठाऊक आहे. नवे कपडे शिवायचे नाहीत, लोकांचे सैल झालेले आवळायचे आणि घट्ट झालेले उसवायचे. (लोक स्वतः सैल किंवा घट्ट झालेले असतात, पण बोल कपड्याला.) मंगळवारी मालकीणबाई दाढ काढायला गेल्या आणि दुकान माझ्यावर सोपवलं. संध्याकाळी एका गायिकाबाईंचा मोठा कार्यक्रम होता. त्यांचा जांभळा झगा दारातल्या दांडीवर वाऱ्याला टांगला होता. घेर इतका, की आत एक छोटं कुटुंब राहावं. दुपारी फोन वाजला. मालकीणबाईंच्या तोंडात कापूस, तरी एकेक शब्द सुटा सुटा सांगत होत्या आणि मी खडूनं टेबलावर लिहून घेत होतो. टेक इट इन. टू टाइट, लेट इट आउट. देन टेक इट अप. टू मच, लेट इट डाउन. लुक आउट फॉर हर, शी विल ड्रॉप इन. आणि फोन बंद.

मी तुझा मंत्र म्हटला. टेक म्हणजे घे, इन म्हणजे आत. झगा दारातून आत घेतला. आता दोन मशीन, एक इस्त्रीचं टेबल आणि मी, यांच्यामध्ये तो घेर शिरल्यावर मला श्वास घ्यायला जागा उरेना. टू टाइट! म्हणजे बाईंना हे आधीच माहीत होतं. (मनात म्हटलं, काय दूरदृष्टी!) लेट इट आउट, म्हणून पुन्हा बाहेर नेला. मग टेक इट अप, म्हणून खांद्यावर टाकून वरच्या कोठीच्या खोलीत चढवला. गुडघ्याचं कारण तेच. वर पोचल्यावर वाटलं, हे जरा जास्तच वर झालं. टू मच. आता लेट इट डाउन. इथे मात्र मी थबकलो, कारण खाली आणायचा असता तर बाई टेक म्हणाल्या असत्या. लेट म्हणजे सोड. नेऊ नकोस, सोड! मी खिडकी उघडली, झगा हँगरसकट दोरीला बांधला आणि सोडायला लागलो.

एक गोष्ट मात्र आधीच करून ठेवली होती. गायिकाबाई आत ड्रॉप होणार, म्हणजे पडणार, हे कळल्यावर मी उंबऱ्याच्या आत दुकानातल्या सगळ्या उशा अंथरल्या होत्या. गिऱ्हाइकाची काळजी घ्यावी लागते.

लुक आउट, म्हणून मी दोरी सोडता सोडता खिडकीतून बाहेर बघत होतो, आणि नेमक्या त्याच वेळी गायिकाबाई रस्त्याच्या कोपऱ्यावरून वळल्या. त्यांनी काय पाहिलं असेल ते डोळ्यांपुढे आण. स्वतःचाच झगा, बिनमुंडक्याचा, वाऱ्यानं टम्म फुगलेला, दोन्ही बाह्या पसरून आकाशातून खाली येतोय. त्या जागीच उभ्या राहिल्या आणि ओरडल्या, “व्हॉट ऑन अर्थ!”

मी नम्रपणे वरून सांगितलं, “नॉट येट ऑन अर्थ, मॅडम. हाफ वे.”

ताई, त्या जे हसल्या! गाणाऱ्या माणसाचा दम तो, समोरच्या तिन्ही मजल्यांच्या खिडक्या उघडल्या. हसत हसत त्या खिडकीखाली आल्या, मी गडबडलो, दोरी सुटली आणि झगा थेट त्यांच्या डोक्यावर. झग्यातून हसणं चालूच. तशाच आंधळ्यासारख्या आत आल्या, पहिल्या उशीला अडखळल्या आणि धपकन उशांवर बसल्या. ड्रॉप इन! एकही सूचना चुकली नव्हती.

मी खडूनं लिहिलेलं त्यांना दाखवलं, केलेलं सगळं हातवाऱ्यांनी सांगितलं. त्यांनी डोळे पुसले, झगा अंगात चढवला, स्टुलावर उभ्या राहिल्या आणि कंबरेला चिमटा घेऊन म्हणाल्या, “टेक इन.” छातीपाशी शिवण ताणून दाखवली, “लेट आउट.” खालची किनार दुमडून वर धरली, “टेक अप.” आणि सोडली, “लेट डाउन.”

मी खुर्चीवर बसलोच. चोवीस वर्षं या हातांनी दुसरं काय केलं गं मी? आवळणं, उसवणं, दुमडणं, सोडणं. माझ्याच धंद्याची चार नावं, आणि मला ओळखू येऊ नयेत! (नंतर शांतपणे विचार केला. आपण तरी काय, “खाऊन टाक” म्हणतो, कोणी टाकतं का? “बसून घे” म्हणतो, काय घ्यायचं असतं?)

कार्यक्रमाला दोन तास होते. छातीची शिवण उसवली तर आत माया, म्हणजे दुमडलेलं जादा कापड, उरलेली जेमतेम बोटभर. मी सुईत दोरा ओवला. बाई स्टुलावर उभ्या राहून हलकेच गुणगुणत होत्या आणि त्या सुराबरोबर माझी सुई चालायला लागली. टाचण्या संपल्या तेव्हा त्यांनी स्वतःच्या केसांतल्या पिना काढून दिल्या. शेवटचा टाका घातला, त्यांनी छाती भरून एक लांब सूर लावला, आणि शिवण हूं की चूं करेना. मी आयुष्यात इतकी सुंदर शिवण ऐकली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मालकीणबाई सुजलेला गाल घेऊन आल्या. रस्ताभर गोष्ट पसरली होतीच. मला म्हणाल्या, “आय अ‍ॅम लेटिंग यू ऑफ.” लेट म्हणजे सोड, ऑफ म्हणजे बंद. कामावरून काढलं! मी मुकाट्यानं कात्री, अंगुस्तान, टेप पिशवीत भरलं, मशीनला हात लावून नमस्कार केला, डोळे भरून आले. बाई पिशवी ओढतायत, मी सोडत नाही, दोघंही ओरडतोय. शेवटी कळलं, लेट ऑफ म्हणजे माफ केलं. आता तूच सांग, माणसानं जगावं कसं?

म्हणून मी ठरवलंय, इंग्रजीच्या वाटेला जायचं नाही. हातवारे पुरेत. माझं तुझ्याकडे काहीही मागणं नाही, फक्त खुशाली कळवायची होती. भावोजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. एक बारीकशी गोष्ट राहिली. काल गायिकाबाई आभार मानायला आल्या होत्या. जाताना जरा थांबल्या, हातमोज्याशी चाळा केला आणि विचारलं, “आर यू गोइंग आउट विथ एनीवन?” मी मंत्राप्रमाणे अर्थ लावला. जाणं, बाहेर, सोबत. खरं ते सांगितलं, की येस मॅडम, एव्हरी डे, शेजारच्या लाँड्रीतल्या इस्त्रीवाल्या आजोबांबरोबर. (आम्ही एक वाजता कोपऱ्यावर चहाला जातो.) त्यांचा चेहरा उतरला. “हाऊ लाँग?” म्हणाल्या. मी म्हटलं, “फिफ्टीन मिनिट्स.” त्या गेल्यावर मालकीणबाईंनी कपाळ बडवून खरा अर्थ सांगितला, की तुमचं कोणाशी जमलंय का. ताई, बावन्नाव्या वर्षी मला कोणी असं विचारेल असं वाटलं नव्हतं, आणि विचारलं तर मी हे उत्तर दिलं. त्यांचा नंबर मागे लिहिला आहे. तुझ्या चांगल्या इंग्रजीत आजच्या आज फोन कर आणि नुसता चहा असतो म्हणून सांग.

ता. ता. क. उत्तराचं पत्र लिहीत बसू नकोस, आधी फोन कर. आज सकाळी गायिकाबाईंनी आमच्या दोघांच्या सुखासाठी मोठा पुष्पगुच्छ लाँड्रीत पाठवला. आजोबांना माझ्याइतकंही इंग्रजी येत नाही. ते “थँक्यू, थँक्यू, बोथ हॅपी” म्हणून गुच्छ घरी घेऊन गेले.