घोट्यापर्यंत कापलेली मेंदी

आई, तुझं मेंदीचं कुंपण कापून टाकलं. फाटकापासून मागच्या हौदापर्यंतची सगळी रांग, घोट्याएवढी. दीड महिना होऊन गेला, पण सकाळी दार उघडलं की अजून मी उंबऱ्यावरच थांबते. व्हरांड्यात उभं राहिलं तर थेट रस्ता दिसतो, रस्त्यावरून जाणाऱ्याला माझ्या हातातला चहाचा कप दिसतो, आणि मधे आडोसा म्हणून काही नाही. हे तुला सांगावं म्हणून कागद घेऊन बसले. पण हे सांगताना दुसरं एक सांगावं लागणार आहे, आणि ते कुंपण कापण्यापेक्षा वाईट आहे.

तुझी मेंदी सगळ्या गल्लीला पुरायची. लग्न असो, नागपंचमी असो, ईद असो, पोरी टोपल्या घेऊन फाटकात उभ्या, आणि तू स्वयंपाकघरात पाट्यावर पाला वाटत बसलेली. मी असेन नऊ-दहा वर्षांची. तुला मदत करायची म्हणून फांदी मुठीत धरून सरसर पाला ओढत होते, तर तू आतून वरवंटा तसाच टाकून आलीस आणि माझ्या मनगटावर चापट मारलीस. "झाडाला ओरबाडतीस व्हय गं? शेंडा खुड. शेंडा खुडला की खाली दोन फुटतेत." मला चापटीपेक्षा सगळ्या पोरींसमोर बसली याचं जास्त लागलं होतं. बाबा गेल्यावर तू स्वतः मेंदी लावणं सोडलंस, पण वाटणं सोडलं नाहीस, त्यामुळे तुझे तळवे लाल ते लालच. मोठ्या काकूनं एकदा त्यावरून तोंड वाकडं केलं, तर तू शांतपणे म्हणालीस, "पाट्याला विचारा, जाऊबाई. मी निस्ती वाटते." मी दाराआड उभी राहून हसते आहे, आणि तू डोळे वटारून मला आत जायला सांगते आहेस, हे मला अजून जसंच्या तसं दिसतं.

तू गेलीस तेव्हा मी पैठणला शाळेवर होते. दवाखान्यात तुझ्याजवळ तुझा धाकटा लेक होता. निरोप आला, मी एसटी धरली, पण पोचले तेव्हा सगळं आटोपलेलं होतं. तेराव्याला पाहुणे पांगल्यावर धाकटा सहज म्हणाला की आता कुंपण काढून पक्की भिंत बांधून घेऊ, घर भाड्यानं द्यायचं म्हणजे बंदोबस्त हवा. त्याच्या बोलण्यात वावगं काहीच नव्हतं. पण माझ्या तोंडून शब्द गेले, "आईची शेवटची इच्छा होती, कुंपणाला हात लावू नका म्हणून. मला म्हणाली होती ती." कधी म्हणालीस तू? कधीच नाही. तू गेलीस तेव्हा मी तुझ्याजवळ नव्हते, पण तू जाताना मला काहीतरी सांगून गेलीस असं मला चारचौघांत दाखवायचं होतं. धाकट्यानं माझ्याकडे नुसतं बघितलं, आणि भिंतीचा विषय तिथंच संपला. त्यानंतर अठरा वर्षं मी ते वाक्य वापरत राहिले. भाडेकरूंना बजावलं, शेजारच्यांना ऐकवलं. इतक्यांदा सांगितलं की शेवटी ते मला तुझ्या आवाजात ऐकू यायला लागलं.

मी निवृत्त होऊन इथं राहायला आले तेव्हा कुंपण माझ्या डोक्याच्याही वर गेलं होतं. अठरा वर्षांत त्याला कुणी कात्री लावली नव्हती. वर नुसता झुपका, त्याला बारीक पांढरा मोहर, संध्याकाळी त्याचा असा वास की मी खुर्ची टाकून बसायची आणि आईचा आशीर्वाद म्हणायची. तुझ्या हयातीत त्याला कधी मोहर आलेला मी पाहिला नव्हता, पण तो का नव्हता हे काही माझ्या डोक्यात आलं नाही. खाली मात्र मनगटाएवढी उघडी खोडं. त्यातून कुत्री येत, डुकरं येत, एकदा तर गाय येऊन कढीपत्ता खाऊन गेली. शेजारी म्हणायला लागले, ताई, भिंत घाला. भिंत नको म्हणून मी माळी शोधला. खुलताबादहून एक म्हातारे चाचा येतात असं कळलं. त्यांनी कुंपणाभोवती एक चक्कर मारली, वाकून खोडं बघितली, आणि कापावं लागेल एवढंच म्हणाले. मला वाटलं वरचा झुपका छाटतील; मी म्हटलं, काय करायचं ते करा, पण खालपासून दाट झालं पाहिजे. आणि चष्म्याचा नंबर काढायला क्रांती चौकात गेले.

परत आले तर रिक्षावाला आमच्या घरावरून पुढं निघाला, कारण मीच त्याला थांब म्हटलं नाही. मला माझं घर ओळखू आलं नाही. फाटकाबाहेर फांद्यांचा ढीग पडलेला, आणि जमिनीवर पांढऱ्याफटक खुंटांची रांग. चाचा करवतीचं पातं पुसत बसले होते. मी भर रस्त्यात ओरडले, आयुष्यात कुणावर ओरडले नसेन अशी. माझ्या मेलेल्या आईची शेवटची इच्छा तुम्ही मोडली, तिनं हात लावू नका म्हणून सांगितलं होतं, हेही बोलले. ते उठून उभे राहिले. त्यांचा चेहरा रागावला नाही, गोंधळला.

"अम्मा असं कसं म्हणतील, ताई? दर तीन सालाला मलाच बोलावून घ्यायच्या. मैंच काटता था, असंच, घोट्यापर्यंत. अम्मा तिथं खुर्ची टाकून बसायच्या आन् म्हणायच्या, अजून खाली घे, भिऊ नको."

मी विचारलं, कधी? तर म्हणाले, तुम्ही नोकरीला गेल्यापासून, मे महिना सरता सरता, शाळा सुरू व्हायच्या आत. म्हणजे मी शाळेच्या तयारीला आठवडाभर आधी पैठणला परतले की. दिवाळीला मी यायची तेव्हा कुंपण भरलेलं असायचं, आणि मला वाटायचं ते आपोआपच तसं राहतं. तू माझ्यापासून लपवत होतीस, की कापायचा हंगामच तेव्हा असतो, ते आता कोण सांगणार? मला चाचांना बसा म्हणायचंही सुचलं नाही. त्यांनी मुळाशी शेणखत घातलं, माती मोकळी केली, खरकटं नको पण तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी टाका म्हणाले, आणि गेले.

मी आत येऊन धाकट्याला पुण्याला फोन लावला. आणि आई, माझी खोड बघ. चाचांचं ऐकून झालेलं असताना मी त्याला पुन्हा तेच सांगायला लागले, तुझी इच्छा मोडली म्हणून. त्यानं मला मधेच थांबवलं.

"ताई, तू तिथं नव्हतीस. मी होतो," तो म्हणाला. "आई म्हणाली होती, कुंपण खालून लई उघडं पडलंय, तिला म्हणावं, पावसाच्या आत कापून घे."

मी खाली बसले. ओट्याला टेकून, फरशीवर. अठरा वर्षं मी तुझी इच्छा म्हणून जे जपलं ते तुझ्या इच्छेच्या बरोबर उलट होतं, आणि हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी विचारलं, मग बोलला का नाहीस? तर म्हणतो, तू इतकी रडत होतीस, धरायला तुला तेवढंच होतं, राहू दिलं. मला त्याचा संताप आला. त्यानं मला तेव्हाच खोटं पाडलं असतं तर बरं झालं असतं, चार माणसांत पाडलं असतं तरी चाललं असतं. अठरा वर्षं मी त्याच्यासमोर ती फुशारकी मारत होते आणि तो मान हलवत होता. लाजेनं माणूस मरत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

त्यानंतर तीन आठवडे खुंटांवर काहीच दिसेना. नळाला पाणी आठवड्यानं येतं, म्हणून तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं, सगळं पाणी मी तांब्यातांब्यानं तिथं नेऊन ओतत होते. येणारे जाणारे विचारायचे, जळालं का हो? मी हो म्हणायची. मग एका सकाळी एका खुंटावर तांबूस टोकं दिसली, दुसऱ्या दिवशी पाचावर, आणि आठवड्यात सगळी रांग फुटली. मी पदर तोंडाशी धरून रडले. फुटवे वीतभर झाले तसे चाचा आले आणि मोठी कात्री माझ्याच हातात दिली. आता हे निम्मे छाटा म्हणाले, नाहीतर पुन्हा वर पळतील आणि खाली उघडे राहतील. इतकी वाट पाहून आलेल्या पाल्याला कात्री लावायची म्हणजे माझ्या हातानं होईना. चार कापले की थांबायची, पाणी प्यायची, पुन्हा चार. पण कापले, सगळी रांग कापली. कुंपण बसलं की भिंतीएवढं दाट होईल असं चाचा म्हणतात. अठरा वर्षं कात्री न लागलेली खोडं, म्हणून दोन वर्षं लागतील. मला आता घाई नाही.

धाकटा रविवारी येतो आहे, कुंपण बघायला. त्याची माफी मागायची हे मी ठरवलंय, आणि मागेनही. पण एक गोष्ट मी त्याला फोनवर विचारली नाही. कुंपणाचं सोडून तू माझ्याबद्दल आणखी काही बोललीस का? मी कुठं आहे, कधी येणार, असं काही? की तिला म्हणावं कापून घे, एवढंच? रविवारीही मी हे विचारणार नाही. हे कागद तो यायच्या आत गव्हाच्या कोठीत खाली घालून ठेवणार आहे. त्याच्या हाती लागले तर तो वाचेल आणि मला खरं उत्तर देईल, कारण त्याला गप्प बसता येतं, खोटं बोलता येत नाही.