मुदत परवा

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (उभं राहून तोंड दाखवायची सोय उरलेली नाही, म्हणून साष्टांगच बरा.) तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा दवाखाना कसा चालला आहे? भाऊजींची चौकशी मी दोनदा केली आहे असं समज. कारण पुढे कळेल.

लहानपणी मला निबंध लिहायला बसवायचीस, तेव्हा क्रियापद गाळलं की तू दोन गुण कापायचीस. आता त्यापायीच एका माणसाचं वर्ष कापलं जाईल असं दिसतंय. माझा काळा कोट शिवणारा शिंपी तुला आठवत असेल. त्याचा घरमालक जिन्यावरून पडला. शिंपी म्हणतो घसरला, कोर्ट म्हणालं ढकलला, आणि शिंप्याला एका वर्षाची शिक्षा झाली. तो तुरुंगात आहे. वरच्या कोर्टात अपील करायला तीस दिवसांची मुदत होती. मी त्याला म्हणालो, निर्धास्त राहा. तो राहिला. वाईट हे, की मीही राहिलो.

माझा कारकून शब्दांच्या बाबतीत भलता चिक्कू. (मुलगी झाली तेव्हा त्याची चिठ्ठी होती: 'मुलगी. रजा. आठवडा.') त्या रजेवरून तो परतला, तर शिंप्याची फाइल माझ्याच टेबलावर. पंख्याने कागद उडू नयेत म्हणून मीच ती वजन म्हणून ठेवली होती. तोंडाने सांगायची त्याची छाती होईना, म्हणून त्याने चिठ्ठी ठेवली: 'शिंपी. अपील. मुदत परवा.' त्याला म्हणायचं होतं, परवा संपली. मी वाचलं, परवा संपेल. वेळेवर आठवण केली म्हणून मी त्याला चहा पाजला, पाठ थोपटली. त्याला वाटलं, साहेबांचं मन केवढं मोठं. (घरी जाऊन बायकोला तसं सांगितलंही म्हणे, क्रियापदासकट.) दोन दिवस खपून मी फक्कड अपील लिहिलं आणि माझा 'परवा' उजाडल्यावर ऐटीत कोर्टाच्या खिडकीवर गेलो. तिथल्या बाईंनी तारीख पाहिली, मग मला पाहिलं, आणि हळू आवाजात म्हणाल्या, "वकीलसाहेब, मुदत संपून चार दिवस झाले." खेकसल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

शिंप्याला सांगायला तुरुंगात गेलो. त्यानेच शिवलेला कोट अंगात घालवेना, म्हणून हातावर घेतला. सगळं ऐकून त्याने माझ्या हातावरच्या कोटाकडे पाहिलं. मग म्हणाला, "साहेब, मी जन्मभर गिऱ्हाइकांना परवा या, परवा या सांगत आलो. कसं वाटतं ते आज कळलं." आणि कोटाचं लोंबतं बटण बघून म्हणाला, "हे घरी द्या, बायको लावून देईल." मला फार लाज वाटली, ताई.

कान तुझ्या हाती देऊन बसलेला,
तुझा धाकटा

ता. क. भाऊजींच्या चौकशीचं कारण असं. उशीर माफ करा असा अर्ज करता येतो, पण कारण शपथेवर द्यावं लागतं, आणि ते पटलं तरच अपील ऐकतात. मी तापाने फणफणलो होतो असा दाखला भाऊजी देतील का? तूच विचार. माझी हिंमत नाही.

ता. क. दुसरा. विचारू नकोस. पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात शिंप्याची बायको बटण लावून कोट घेऊन आली. "अर्ज कधी निघणार?" तिने विचारलं. 'परवा' अगदी ओठावर आलं होतं, ते गिळलं आणि वार-तारीख कागदावर लिहून दिली. मग शपथेचा कागद लिहायला बसलो: 'फाइल माझ्या टेबलावर होती. चूक माझी आहे.' दोन्ही वाक्यांत क्रियापद आहे, तपासून बघ. भाऊजींना नुसता नमस्कार सांग.