बाबांना वर नेण्याची मोहीम

३ जून
ठरलं म्हणजे ठरलं. पंधरा तारखेला बाबांना पवित्र डोंगरावर नेणार. बाबा ऐंशीचे, नजर जात चाललीय. शिखरावरून सूर्योदय बघायचा तर यंदाच. तीन वर्षं टाळतोय असं सगळे म्हणतात, पण दर वेळी सबळ कारण होतं. शाळेत पीटी शिकवणाऱ्याला डोंगराचं काय कौतुक! वेळ आली तर पाठीवर घेईन. उद्यापासून रनिंग. मटणाची चरबी बंद.

४ जून
वाळूचं वादळ. रनिंग कॅन्सल. दुपारी थांबलं, पण गोबीच्या वाळवंटात दुपारी कोण पळतं?

८ जून
ओयुननं मटण भरलेले खूशूर तळले. पारीच्या आतली चरबी धरायची नसते. बायको या नात्यानं तिनं ऐकवलंच, की बायकांना वर बंदी नसती तर मामंजींना मीच केव्हाच नेलं असतं. दुर्लक्ष केलं.

१४ जून
शेजारच्या चोइजिलच्या जीपनं निघालो, ओयुनही सोबत. डोंगर दिसताच त्याला रूट समजावताना माझ्या तोंडून डोंगराचं नाव गेलं. खुद्द डोंगराच्या देखत! डोंगर समोर असताना आदरानं नुसतं 'खैरखान' म्हणायचं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. बाबांनी जीप थांबवली, शिखरावर वाहायचं सगळं दूध तिथेच शिंपडून माझ्या वतीनं माफी मागितली. दुसरं दूध आणतो म्हणालो. "तू गप्प बस, तेवढं पुरे," बाबा म्हणाले.

१५ जून, पहाटे
चढाई सुरू. पहिली शंभर पावलं फर्स्टक्लास. मग बूट चावला. शिवाय धाप लागली. बाबांना म्हटलं, तुम्ही व्हा पुढे, मी आलोच. त्यांनी माझी टोपी मागितली. आजारी माणसाची टोपी नातलग वर नेऊन दगडांच्या राशीला फेऱ्या घालतात. मी ठणठणीत आहे असं सांगितलं. तरी घेऊन गेले.

१५ जून, सकाळी
पायथ्याशी बायकांच्या घोळक्यात बसून खारा चहा घेतला. बूट काढून. स्ट्रॅटेजी म्हणून हे योग्यच होतं.

बाबा उतरले. टोपी माझ्या डोक्यावर नीट बसवली. ओयुननं विचारलं, सूर्योदय दिसला का?

"नाही गं. अर्ध्या वाटेत थांबलो होतो. हा आलोच म्हणाला होता ना."

जीपमध्ये मागे बसलो. टोपी काढली नाही.