मशीन कपाटाबाहेर येतं

३ मार्च, रविवार
नव्या फ्लॅटमध्ये आलो. सहावा मजला, लाकडी फरशी, मोठी बाल्कनी आणि स्वयंपाकघरातल्या कपाटात कपडे धुण्याचं कोरं करकरीत मशीन. माझे मोजे उचलून उचलून वैतागलेली बायको चार महिने भावाकडे राहतेय. तिची अट एकच: तीन आठवडे स्वतःचे कपडे स्वतः धू, मग बघते. घरात मशीन असल्यावर हा तर डाव्या हातचा मळ!

४ मार्च, सकाळी ८
पहिली धुलाई. सूचनांची पुस्तिका प्लास्टिकमध्येच ठेवली. ती अडाणी लोकांसाठी असते.

९.४५
कपडे पिळायची वेळ आली आणि मशीन कपाटाबाहेर आलं. धडधडत. थेट माझ्या दिशेने. मी टपाल बघायला खाली गेलो. टपाल नव्हतं. तासभर थांबून खात्री करून घेतली.

५ मार्च
खालच्या मजल्यावरचे आजोबा म्हणाले, आमचा दिवा हलतो. भूकंप असेल, म्हणालो.
मेकॅनिक बोलवला असता, पण फ्लॅट मेव्हण्याने मिळवून दिलाय. तक्रार केली की बायकोच्या कानावर गेलीच. शिवाय मशीन बिघडलेलं नाहीच मुळी. ते मला जोखतंय.

९ मार्च
कपडे बाथटबमध्ये हातानेच धुतो. व्यायाम होतो. गुडघे सुजलेत.
मशीनसमोर जेवणाचं टेबल आडवं लावलंय. निव्वळ सजावट. टेबलावर दोन खुर्च्या. त्याही सजावटच.

१५ मार्च
बायकोचा फोन. मशीनचा आवाज ऐकव म्हणाली. मिक्सर लावून फोन धरला. बरा चाललाय की रे संसार, म्हणाली आणि हसली. चार महिन्यांनी हसली.
फोन ठेवल्यावर मिक्सर बंद केला. ती आली तर काय, ही एक भीती. आलीच नाही तर काय, ही त्याहून मोठी.

२४ मार्च, रविवार, सकाळी १०
आज! टेबल हटवलं. मशीनशी दोन शब्द समजुतीचे बोललो. घाबरलेलो वगैरे नाही. घाम येतोय तो उकाड्याने.

दुपारी १
ती आली. मेव्हणा तिची बॅग घेऊन खाली गाडीत थांबला. आधी मशीन चालवून दाखव, मग बॅग वर, असं तिनं सांगितलेलं. मी ऐटीत बटण दाबलं. अर्धा तास छान गप्पा झाल्या. मग पिळणं सुरू झालं, मशीन निघालं आणि माझी पाचावर धारण बसली. पुढचं आठवतं ते थेट गाडीजवळचं. मेव्हणा विचारत होता, दाजी, ताई कुठंय?
वर आहे, म्हणालो. किल्ली माझ्या मुठीत होती.

२५ मार्च
मशीन बिघडलेलं नव्हतंच. मी म्हणत होतो तेच खरं. वाहतुकीत आतलं पिंप हलू नये म्हणून मागे चार बोल्ट लावलेले असतात, ते काढायचे राहिले होते. पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर आहे. बायकोने ते आत एकटीने वाचलं. मग मेव्हण्याने पाना आणून बोल्ट काढले.
ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. बाहेरून कुलूप का लावलंस, एवढंच विचारलं. मी खरं तेच सांगितलं, मशीन मागे येऊ नये म्हणून. ती म्हणाली, आणि मी?
बॅग गाडीतच राहिली.
मशीन आता अगदी गुपचूप चालतं. सकाळपासून त्याच्यासमोर बसून उत्तर शोधतोय. जवळजवळ सुचलंय. मोजे वाळत घातले.