हातबोशी

रविवार, १६ एप्रिल

आलो एकदाचा पनवेलला. टेम्पोवाल्याने कपाटाचा आरसा फोडला, पण बायकोचा, रूबीचा, फोटो मी मांडीवर धरून आणला होता, तो शाबूत आहे. खारघरला लिफ्टवाल्या टॉवरमध्ये घर मिळत होतं. पण आम्ही ज्यू शब्बाथला, म्हणजे शनिवारी, गाडीत बसत नाही, तेव्हा सिनेगॉगला पायी जाता येईल असं हे दुसऱ्या मजल्यावरचं घर घेतलं.

उकाड्याचं मात्र विचारू नका. पुण्याचं ऊन डोक्यावर बसतं, इथलं अंगाला चिकटतं. शेजारच्या आशालताताईंनी कोकम सरबत आणून दिलं आणि बजावलं की दुपारी शहाण्या माणसाने बाहेर पडू नये, पडलंच तर खिशात कांदा ठेवावा. घराची एक किल्ली त्यांच्याकडे देऊन ठेवली. एकट्या माणसाचं काय सांगावं!

संध्याकाळी हदासला फोन केला. तिच्याकडे इस्रायलात, बीरशेबाला, दिवसा भाजतं आणि रात्री स्वेटर लागतो. मला सवय झाली पप्पा, तुम्हालाही होईल म्हणाली. बारा मेला येतेय पोरगी. चार वर्षांनी.

मंगळवार, १८ एप्रिल

कामावर रुजू झालो. पळस्प्याजवळ मासळीचं शीतगृह आहे. करंजाच्या बंदरावरची मासळी इथे येते आणि उणे अठरात गोठते. आमची हयात कॉम्प्रेसरांत गेली, म्हणून साठीनंतरही सुपरवायझर. बाहेर अडतीस, आत उणे अठरा, आणि दोन्हींच्या मधे एक खोली. आतून आलं की त्या खोलीत टेकायचं, कोरा चहा प्यायचा, अंग रुळलं की मग उन्हात. नाहीतर भोवळ ठरलेली.

दयाराम हमालांचा मुकादम आहे, इथल्याच गावचा. त्याने रीत समजावली. आत जोडीनेच जायचं. बाहेर आल्यावर जोडीदाराचा हात धरून बघायचा, ऊब परतली का. आणि आत असताना कुणी कुणाला हात द्यायचा नाही. काही द्यायचं तर खाली ठेवायचं, दुसऱ्याने उचलायचं. का, विचारलं तर म्हणाला, आमी नाय देत, एवढंच. म्हटलं, बरं बाबा.

रविवार, २३ एप्रिल

शनिवारी मी लिहीत नाही, म्हणून शुक्रवारचं आज.

त्या दिवशी लवकर निघायचं होतं, तेवढ्यात वीज गेली. दयाराम आणि मी आत होतो. तो मीटर बघायला बाहेर पळाला, मी राहिलो. रीत मोडली खरी, पण पाच मिनिटांचा तर प्रश्न होता. टॉर्च लावायला हातमोजे काढले, तर टॉर्चही थंडीने मेलेला. मिट्ट काळोख. घड्याळाकडे बघायची सोय नव्हती, पण बाहेर सूर्य बुडला असणार, शब्बाथ लागला असणार.

आमच्यात प्रार्थना संपली की हातबोशी करतात. समोरच्याच्या बोटांना बोटं लावायची आणि मग आपली बोटं ओठांना. त्याने पुढच्याला द्यायची. एकाकडून सगळ्यांकडे पोचते. हदास लहानपणी इतकी उतावीळ, की मी आत कपडे बदलत असलो तर दाराखालच्या फटीतून बोटं सरकवायची. रूबी गेल्यापासून शुक्रवारी घरात कुणी नसतं, पण हात सवयीने पुढे होतातच. तसे झाले.

आणि समोरून कुणीतरी बोटं लावली.

मी माझी बोटं ओठांना लावलीसुद्धा, मग भानावर आलो. दिवे आले तेव्हा समोर पापलेटचे क्रेट होते. थंडीने बोटं बधिर होतात, काहीबाही भासतं. दयारामला सांगितलं नाही. खरं सांगू, क्षणभर बरं वाटलं होतं.

गुरुवार, २७ एप्रिल

झाली की सवय! ताई घामाने निथळत जिना चढत होत्या आणि मी कोरडा ठणठणीत. पंखा बंद करून झोपतो. भरदुपारी बाजारात जाऊन आंबे घेऊन आलो. हदासला म्हटलं, तुझ्या वाळवंटापेक्षा आमचं पनवेल सोपं. मधल्या खोलीत बसणंही सोडलं. गरजच वाटत नाही.

रविवार, ३० एप्रिल

काल सिनेगॉगमध्ये जेमतेम दहा माणसं जमली. बाकीचे कधीच इस्रायलला गेले. शेजारी तोवाबाई होत्या, ऐंशीच्या, एकट्याच राहतात. मी हात पुढे केले. त्यांनी बोटं लावली आणि दचकल्या. बर्फातून आलास का रे, म्हणाल्या. मग हसून बोटं ओठांना लावली. चार दिवसांनी कुणीतरी हात धरला, म्हणाल्या. मलाही भरून आलं.

बुधवार, ३ मे

सकाळी डोक्याला लावायला खोबरेल तेल घेतलं. बाटलीत पातळ होतं, तळहातावर पांढरं धरलं. डिसेंबरमध्ये धरतं तसं. मे महिन्यात, पनवेलमध्ये.

चहा हातात घेतला की निवतो. आंघोळीला उकळतं पाणी घेतलं, कोमट लागलं. अंग लाल झालं नाही.

डॉक्टरने थर्मामीटर झटकून झटकून पुन्हा लावला, आणि खराब आहे म्हणून नवा मागवतो म्हणाला.

शुक्रवार, ५ मे

सूर्य बुडायच्या आत शब्बाथचा दिवा लावत होतो. काडी पेटते, हात वातीजवळ नेला की विझते. अख्खी पेटी संपली. ताईंना बोलावलं, त्यांनी एका काडीत लावला. जाताना म्हणाल्या, इथे गार कसं वाटतंय हो, एसी घेतलात?

सोमवार, ८ मे

तोवाबाई गेल्या. गच्चीवर, उन्हात, तीन गोधड्या पांघरून. लोक म्हणतात वयच झालं होतं. अंघोळ घालणाऱ्या बायका कुजबुजत होत्या की त्यांच्या केसांतलं खोबरेल थिजलेलं होतं.

माझ्याकडूनच पोचलं. मी दिलं.

मंगळवार, ९ मे

दयारामला सगळं सांगितलं. त्याने आपले हात खिशात घातले. मग म्हणाला, धनेश नावाचा पोरगा होता. वीज गेली तेव्हा आत राहिला. काळोखात हात पुढे करून हाका मारत होता. जोडीदार घाबरून पळाला, पोरगा आतच गोठून मेला. तेव्हापासून तो हात मागतो, साहेब, दुसरं काय नाय मागत.

उपाय विचारला. नाय, म्हणाला. जाताना माझ्यापासून दोन पावलं लांबून गेला.

मला धनेशचा राग येत नाही. हेच सगळ्यात वाईट.

बुधवार, १० मे

हदासला सांगितलं, येऊ नकोस. कारण विचारलं. काय सांगू? ताप आहे म्हटलं. रडायला लागली. मग तर येणारच म्हणाली.

शुक्रवार, १२ मे

शब्बाथ लागला. लिहू नये. पण हातांना काम हवं —

ताईंनी हदासला किल्ली दिली. ती घरात आहे. मी आतल्या खोलीत, कडी लावून. पेनातली शाई मधेच धरते, फुंकर मारली तर आणखी —

दार ठोठावतेय. पप्पा, काय झालं, माझं काही चुकलं का. नाही गं. नाही. जा म्हणालो. ताईंकडे जा. उद्या परत जा.

थांबली. गेली वाटतं.

नाही. खाली बसलीय, दाराला टेकून. प्रार्थना म्हणतेय. रूबीचाच आवाज.

संपली.

फटीतून बोटं. चार. रूबीची अंगठी. लहानपणी हसायची तशी हसतेय, म्हणते, आता तरी द्या.

हात काढ हदास, म्हणालो — आवाज फुटला नाही —

चार वर्षं. कुणीही नाही. किती ऊब येतेय फटीतून, इथवर येतेय, मी नाही जाणार, भिंतीला पाठ लावून बसलोय, पेन डाव्या हातात घेतलं — उजवा कधी पुढे झाला कळलं नाही — मी नाही, हा मी नाही — मीच आहे — फक्त टोकाला, नुसतं टोक